पोटॅशियम शिरलेल्या सेंद्रिय स्फटिकाचे बँड घरच्या संगणकावर कसे काढावेत

गेल्या वर्षी दिंडोरीकडचा एक मुलगा एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी माझ्याकडे आला. घरी द्राक्षबाग. मी फळ्यावर पोटॅशियम लिहिलं, तसा तो म्हणाला, "मॅडम, हे तर आमचं शून्य-शून्य-पन्नास." मण्यात पाणी उतरायला लागलं की बागेला पोटॅशियम सल्फेट देतात, त्याच्या पिशवीवरचा हा आकडा. नाशिक जिल्ह्यात तो शाळकरी पोरांनाही पाठ असतो. मी विचारलं, "त्या पिशवीतल्या पोटॅशियमकडे त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन आहे का?" तो जरा थांबला. मग म्हणाला, "नाही, तो सल्फेटकडे गेला. पिशवीत आयन आहे."

"आता सल्फेटऐवजी नुसते कार्बनचे रेणू दिले, तर तो इलेक्ट्रॉन कुठे जाऊन बसेल?"

अल्कली धातू मिसळलेल्या सेंद्रिय घनपदार्थांचा सगळा अभ्यास या एका प्रश्नाभोवती फिरतो. त्याचं उत्तर बँडमध्ये, म्हणजे स्फटिकात इलेक्ट्रॉनला मिळणाऱ्या ऊर्जांच्या पट्ट्यांमध्ये, असतं. ते काढायला महासंगणक लागतोच असं नाही. गंगापूर रोडवरच्या माझ्या घरी आठ कोअरचा, ३२ जीबी मेमरीचा डेस्कटॉप आहे, त्यावर उबुंटू आणि क्वांटम एस्प्रेसो हे मोफत सॉफ्टवेअर. एवढ्यावर मी गेली काही वर्षं मुलांकडून हे काम करून घेते. कसं, ते खाली लिहिते. इनपुटमधले शब्द मी उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. फाइलमध्ये टाकताना मॅन्युअलमधलं रोमन स्पेलिंग बघून घ्या.

एक गोष्ट आधीच बजावते. हे गणिताचं काम आहे. खरं पोटॅशियम पाण्याशी पेट घेतं, तेलाखाली ठेवावं लागतं, आणि पोटॅशियम शिरलेले हे स्फटिक हवेत टिकत नाहीत. आर्गॉन भरलेला ग्लोव्ह बॉक्स नसेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत याच्या वाटेला जाऊ नका, आणि नाशिकच्या पावसाळी दमट हवेत तर मुळीच नाही.

विषय कुठून आला

१९९१ मध्ये सी६०, म्हणजे ६० कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूच्या, स्फटिकात पोटॅशियम घातल्यावर तो १८ केल्व्हिनला अतिवाहक (विजेला शून्य रोध असणारा) होतो असं दिसलं. रुबिडियम घातल्यावर हा आकडा २८च्या पुढे गेला, सिझियम आणि रुबिडियम मिळून ३३. मग २०१० मध्ये जपानच्या ओकायामा विद्यापीठातल्या गटाने पिसीन या रेणूत पोटॅशियम घालून ७ आणि १८ केल्व्हिनच्या अतिवाहकतेचा दावा केला. पिसीन म्हणजे पाच बेंझीन कडी नागमोडी जोडलेला सपाट रेणू, सी२२एच१४. त्या बातमीनंतर फेनँथ्रीन, डायबेंझोपेंटासीन, पॅरा-टर्फेनिल अशी रांगच लागली. टर्फेनिलसाठी २०१७ मध्ये १२३ केल्व्हिनपर्यंतचे दावे झाले.

पण सी६० चे निकाल जगभर पुन्हापुन्हा निघाले, तसं पिसीनचं झालं नाही. नमुन्याचा फार थोडा भाग अतिवाहक दिसायचा, आणि प्रकाश-उत्सर्जनाच्या प्रयोगांमध्ये धातूची खूण सापडेना. मुख्य म्हणजे पोटॅशियम घातलेल्या पिसीनची स्फटिकरचनाच कोणाच्या हाती नव्हती. ती न कळता त्यावर ढीगभर बँड काढले गेले. २०१७ मध्ये पोटॅशियम हायड्राइड वापरून के२पिसीन आणि के२पेंटासीन (के म्हणजे पोटॅशियम, रेणूमागे दोन) यांचे नीट स्फटिक बनले आणि पहिल्यांदा खऱ्या रचना समोर आल्या. हा इतिहास मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. पुढच्या प्रत्येक पायरीवर तो लक्षात ठेवायचा आहे.

संगणक लावायच्या आधी वही काढा

माझ्याकडे पहिले दोन दिवस संगणक बंद असतो. वहीत इलेक्ट्रॉन मोजायचे.

पिसीनमध्ये २२ कार्बन, प्रत्येकी ४ संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे ८८. १४ हायड्रोजनचे १४. एकूण १०२. दोन-दोनने भरले की ५१ ऑर्बिटल भरतात. ५१वं होमो (भरलेल्यांतलं सगळ्यात वरचं), ५२वं लुमो (रिकाम्यांतलं सगळ्यात खालचं). पिसीनच्या स्फटिकात एका एकक-पेशीत (स्फटिकाचा पुन्हापुन्हा येणारा ठोकळा) दोन रेणू असतात, म्हणून २०४ इलेक्ट्रॉन आणि भरलेले १०२ बँड. लुमो आणि त्याच्या वरचं ऑर्बिटल पिसीनमध्ये जवळजवळ आहेत. दोन रेणूंची दोन-दोन ऑर्बिटल धरली तर रिकाम्या भागात सगळ्यात खाली चार बँडचा एक गठ्ठा तयार होतो. त्यात ८ इलेक्ट्रॉन मावतात. पोटॅशियमने दिलेले इलेक्ट्रॉन या गठ्ठ्यात येऊन बसणार.

रेणूमागे एक पोटॅशियम म्हणजे पेशीत २ इलेक्ट्रॉन, चारपैकी एका बँडापुरते. दोन पोटॅशियम म्हणजे ४, दोन बँडापुरते. तीन पोटॅशियम म्हणजे ६, तीन बँडापुरते.

इथे थांबा, कारण पुढचा मुद्दा बहुतेक मुलं सोडून देतात आणि मग महिनाभर चुकीच्या आनंदात राहतात. पिसीनच्या स्फटिकात पी२१ ही सममिती आहे. एक रेणू १८० अंशांत फिरवून बी अक्षावर अर्धी पेशी पुढे सरकवला की दुसरा रेणू मिळतो. याला स्क्रू अक्ष म्हणतात. या सममितीमुळे ब्रिलुआँ झोनच्या (स्फटिकातल्या इलेक्ट्रॉन-तरंगांचा नकाशा) बी दिशेच्या सीमेवर बँड दोन-दोनच्या जोडीने चिकटतात. चिकटलेच पाहिजेत, त्यात पर्याय नाही. म्हणजे चारचा गठ्ठा हा दोन जोड्यांचा. जोडीतला एक भरला आणि एक रिकामा राहिला तर मध्ये फट पडू शकत नाही. फर्मी पातळी, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथवर भरतात ती ऊर्जा, बँडला कापणारच, आणि तसं झालं की पदार्थ धातू. म्हणून रेणूमागे एक किंवा तीन पोटॅशियम असतील, सममिती शाबूत असेल आणि चुंबकत्व बंद ठेवलं असेल, तर साधं बँड-गणित "धातू" असंच उत्तर देणार. तुम्ही पोटॅशियम कुठेही ठेवा. हे उत्तर दुसऱ्या दिवशीच तुमच्या वहीत आहे. त्यासाठी आठ दिवस संगणक चालवून "धातू सापडला" म्हणायचं कारण नाही. दोन पोटॅशियमच्या वेळी मात्र एक जोडी पूर्ण भरते आणि दुसरी पूर्ण रिकामी राहू शकते. तिथे फट पडेल की नाही हे रचनेवर अवलंबून, आणि तिथेच गणित काहीतरी नवीन सांगू शकतं.

सी६०चं मोजून पाहा, सरावासाठी चांगलं आहे. त्याचं लुमो तिहेरी आहे, टी१यू नावाचं, त्यात ६ इलेक्ट्रॉन मावतात. के३सी६०मध्ये ते अर्धं भरतं आणि पदार्थ धातू होतो. के६सी६०मध्ये पूर्ण भरतं आणि विसंवाहक होतो. इथवर हिशोब जुळतो. के४सी६०मध्ये सहापैकी चारच भरलेले, तेव्हा बँडचं गणित धातू म्हणतं, पण प्रयोगात तो विसंवाहक आहे. इलेक्ट्रॉनचं एकमेकांना ढकलणं आणि रेणूचं किंचित वाकणं, दोन्ही मिळून ते होतं. वहीत या ओळीखाली लाल रेघ मारा.

डांबरगोळीवर हात बसवा

थेट पिसीनवर जाऊ नका. कपाटातल्या जुन्या धाटणीच्या डांबरगोळ्या म्हणजे नॅफ्थलीन, सी१०एच८. पेशीत दोन रेणू, ३६ अणू. हा छोटा स्फटिक घरच्या संगणकावर सहज पळतो. १९३०च्या सुमारास कोलकात्यात केदारेश्वर बॅनर्जी यांनी नॅफ्थलीन आणि अँथ्रासीनच्या स्फटिकांची रचना क्ष-किरणांनी उलगडली होती. हे मी मुलांना मुद्दाम सांगते, कारण हा विषय आपल्याकडे नवा नाही.

रचना क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेसमधून मोफत मिळते. ए सुमारे ८.२४, बी ६.००, सी ८.६६ अँगस्ट्रॉम, बीटा १२२.९ अंश. फाइल व्हेस्टा या रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि पहिल्यांदा हायड्रोजन बघा. क्ष-किरणांना हायड्रोजन नीट दिसत नाही, म्हणून अशा फाइलमध्ये कार्बन-हायड्रोजन अंतर बरेचदा ०.९५ अँगस्ट्रॉम दिलेलं असतं. खरं अंतर १.०९ च्या आसपास आहे. तसंच पुढे गेलात तर अणूंवर मोठाली बलं दिसतील आणि तुम्ही घाबराल. पेशी आणि कार्बन जागच्या जागी धरून फक्त हायड्रोजन आधी सैल सोडा, ते आपल्या जागी जातील. मग सगळे अणू सोडा.

दुसरं म्हणजे, हे रेणू एकमेकांना फक्त व्हॅन डर वाल्स आकर्षणाने धरून असतात. नुसत्या पीबीई फलनात (इलेक्ट्रॉनच्या परस्परक्रियेचा नेहमीचा ठोकताळा) हे आकर्षण जवळजवळ नसतंच, त्यामुळे पेशीला मोकळं सोडलं की स्फटिक नको तितका फुगतो. म्हणून व्हीडीडब्ल्यू-कॉरमध्ये ग्रिमे-डी३ लावा. मी प्रत्येकाला एकदा तरी ही सुधारणा न लावता पेशी सोडायला सांगते. आकडा फुगताना स्वतः पाहिला की ती ओळ पुन्हा कधी विसरली जात नाही.

के-बिंदू म्हणजे ब्रिलुआँ झोनमधल्या गणित करायच्या जागा; हा 'के' पोटॅशियमचा नव्हे. त्यांच्यासाठी माझा घरगुती हिशोब: पेशीची लांबी गुणिले बिंदूंची संख्या साधारण २५ अँगस्ट्रॉम यायला हवी. ८.२४ला ३, ६.००ला ४, ८.६६ला ३. जी बाजू आखूड, तिला बिंदू जास्त. ऊर्जा-मर्यादा (तरंग किती बारीक धरायचे ते ठरवणारा आकडा) ४० रिडबर्गपासून सुरू करून दहा-दहाने वाढवा, आणि रेणूमागची ऊर्जा स्थिरावली की थांबा. मित्राच्या फाइलमधून आकडा उचलू नका. त्याचं स्यूडोपोटेन्शियल, म्हणजे अणूच्या आतल्या भागाऐवजी वापरायची तयार फाइल, वेगळं असेल.

आता बँड काढा. सरावातली ठरलेली अडचण इथेच येते: "मॅडम, वरचे बँड दिसतच नाहीत." ऑक्युपेशन्स फिक्स्ड ठेवलं की हे सॉफ्टवेअर फक्त भरलेले बँड काढतं. नॅफ्थलीनच्या पेशीत ९६ इलेक्ट्रॉन, म्हणजे ४८ बँड. रिकामे बघायचे असतील तर एनबीएनडी (बँडची संख्या) ५६ असं स्वतः लिहावं लागतं. मग ४७-४८ ही होमोची जोडी आणि ४९-५० ही लुमोची जोडी दिसेल. बी दिशेच्या सीमेवर जोडी चिकटते आहे का, ते पाहा. चिकटत नसेल तर पेशी भरताना कुठेतरी सममिती मोडली आहे, मागे जा. ही तपासणी फुकट आहे आणि तिने माझ्या मुलांचे कितीतरी आठवडे वाचवले आहेत.

बँड किती सपाट आहेत, तेही बघा. तांबं किंवा सिलिकॉन यांचे बँड कित्येक इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद असतात. इथे काही दशांश. रेणूतला इलेक्ट्रॉन शेजारच्या रेणूवर मुश्किलीने उडी मारतो, त्याचं हे चित्र.

पोटॅशियम कुठे ठेवायचं

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. बाकीचं गणित संगणक करतो, ही निवड मात्र तुम्हालाच करायची असते.

सी६०मध्ये हा प्रश्नच पडत नाही. गोल रेणू संत्र्यांसारखे रचलेले, आणि त्या रचनेत प्रत्येक रेणूमागे एक मोठी अष्टफलकी पोकळी आणि दोन लहान चतुष्फलकी पोकळ्या आपोआप तयार असतात. तीन खोल्या, तीन पोटॅशियम. पेशीची बाजूही फारशी हलत नाही: शुद्ध सी६०ची १४.१७, के३सी६०ची १४.२४ अँगस्ट्रॉम.

पिसीनमध्ये अशा तयार खोल्या नाहीत. रेणू हेरिंगबोन पद्धतीने, म्हणजे विटा तिरक्या लावून केलेल्या फरसबंदीसारखे, घट्ट बसलेले. पेशी ए ८.४८, बी ६.१५, सी १३.५२ अँगस्ट्रॉम, बीटा ९०.५ अंश. २०१७च्या त्या रचनांमधून हेच कळलं की पोटॅशियम थरांच्या आत शिरतं आणि रेणूंना फिरवून आपली जागा करून घेतं. म्हणजे पोटॅशियम घालायच्या आधी ती जागा तिथे नसते. एक सुरुवात घेऊन "हीच रचना" म्हणणं म्हणूनच चूक आहे.

आम्ही असं करतो. व्हेस्टामध्ये पिसीनचा स्फटिक सी अक्षाकडून बघायचा. शेजारच्या दोन तिरक्या रेणूंमधला भाग शोधायचा. तिथे एखाद्या बेंझीन कडीच्या मध्यावर, तिच्या प्रतलापासून ३ अँगस्ट्रॉमच्या आसपास पहिलं पोटॅशियम ठेवायचं. स्क्रू अक्षाने त्याचं जुळं दुसऱ्या रेणूजवळ येतं. मग त्याच रेणूच्या दुसऱ्या टोकाच्या कडीवर दुसरं. के३ करायचं असेल तर तिसरं मधल्या कडीवर. पोटॅशियम आणि हायड्रोजन २.४ अँगस्ट्रॉमपेक्षा जवळ आले तर ती सुरुवात टाकून द्या. ए आणि बी दोन्ही बाजू सुरुवातीलाच चार-पाच टक्के ताणून घेतल्या तर रेणूंना वळायला वाव मिळतो. आधी पेशी धरून अणू सैल करा, नंतर पेशीही सोडा. अशा किमान पाच सुरुवाती करा: एक थरांच्या मधल्या फटीत, बाकी थराच्या आत वेगवेगळ्या कड्यांवर. शेवटी पाचही ऊर्जा एका तक्त्यात मांडा.

दिंडोरीच्या त्या मुलाच्या पाच सुरुवातींपैकी दोन शेवटी एकाच रचनेवर येऊन थांबल्या. तो हिरमुसला, दोन जॉब वाया गेले म्हणाला. मला मात्र फार बरं वाटलं. वेगळ्या वाटांनी निघून एकाच ठिकाणी पोचणं, यापेक्षा चांगला पुरावा आपल्या संगणकावर मिळत नाही.

के३पिसीनच्या पेशीत ७८ अणू होतात. पेशी सोडून सैल करायला माझ्या संगणकावर दिवसच्या दिवस लागतात, आणि पावसाळ्यात मध्येच वीज जाते. मॅक्स-सेकंद्स दिलं की जॉब ठरल्या वेळी नीट थांबतो आणि रिस्टार्ट मोडने पुढे चालू होतो. धाडकन बंद पडला तर ती सोय नाही. तेव्हा आउटपुटमधले शेवटचे अणुस्थान उचलून नव्या इनपुटमध्ये चिकटवायचे. यूपीएस घ्याच.

ही रचना टिकेल का?

ऊर्जा मिळाली की वजाबाकी करा. पोटॅशियम घातलेल्या पेशीची ऊर्जा, वजा शुद्ध पिसीनच्या पेशीची, वजा पेशीत जितके पोटॅशियम तितक्या वेळा धातूरूप पोटॅशियमच्या एका अणूची ऊर्जा. धातूरूप पोटॅशियम बीसीसी असतं, बाजू ५.३३ अँगस्ट्रॉम, त्याला के-बिंदू दाट द्या. तिन्हींसाठी ऊर्जा-मर्यादा, स्यूडोपोटेन्शियल आणि व्हॅन डर वाल्स सुधारणा अगदी सारखी हवी. एक रिडबर्ग म्हणजे १३.६०६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. उत्तर ऋण आलं म्हणजे इलेक्ट्रॉन देण्यात फायदा आहे.

पण तेवढ्यावर थांबू नका. के३ला के२ अधिक सुटं पोटॅशियम यांच्याशीही ताडून बघा. के३ची ऊर्जा त्यांच्यापेक्षा वर असेल, तर प्रत्यक्ष नळीत ते फुटून के२ आणि पोटॅशियम होणार. छापलेल्या कितीतरी सुंदर बँड-आकृत्या या एका वजाबाकीपुढे टिकल्या नसत्या असं माझं मत आहे.

इलेक्ट्रॉन पोचला का?

आता बँड काढा, आणि मोजताना सावध राहा. आजकालच्या बहुतेक स्यूडोपोटेन्शियलमध्ये पोटॅशियमचे ९ इलेक्ट्रॉन धरतात: ३एसचे २, ३पीचे ६ आणि ४एसचा १. म्हणजे प्रत्येक पोटॅशियम खाली खोलवर चार बँड भरतं. पेशीत सहा पोटॅशियम, तेव्हा २४ जास्तीचे बँड. शुद्ध पिसीनचे १०२ आणि हे २४, मिळून १२६. आपला चारचा गठ्ठा १२७ ते १३० वर आला. एकूण इलेक्ट्रॉन २०४ अधिक ५४, म्हणजे २५८, अर्थात १२९ बँडापुरते. चारपैकी तीन भरले, वहीतल्यासारखंच. एका मुलीने १०३पासूनचे बँड लुमो समजून चार दिवस आकृत्या काढल्या होत्या. ते सगळे भरलेले होते.

मग प्रोजडब्ल्यूएफसी (क्वांटम एस्प्रेसोमधला, बँडचं वजन अणूंवर वाटून दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून गठ्ठ्यातले बँड कशाचे बनलेत ते पाहा. बहुतांश वजन कार्बनच्या पी ऑर्बिटलवर यायला हवं, आणि तेही रेणूच्या प्रतलाला लंब असलेल्या. पोटॅशियमच्या ४एसचा मोठा वाटा फर्मी पातळीजवळ दिसला तर इलेक्ट्रॉन घर सोडून गेलेलाच नाही. पोटॅशियम एकमेकांजवळ गोळा होऊन धातूचा तुकडा बनवत असेल. तेव्हा रचनेकडे परत जा. रेणूतले कार्बन-कार्बन बंधही मोजा. इलेक्ट्रॉन आला की काही बंध लांबतात, काही आखडतात. शुद्ध रेणूच्या लुमोचं चित्र शेजारी ठेवलं तर कुठला बंध लांबणार हे आधीच सांगता येतं. ही पैज मी मुलांशी दरवेळी लावते.

स्मिअरिंग

हे माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकले, म्हणून सविस्तर सांगते. फर्मी पातळी बँड कापत असेल तर ऑक्युपेशन्समध्ये स्मिअरिंग (भरल्या-रिकाम्याची सीमा थोडी पुसट करणं) द्यावं लागतं आणि ती किती पुसट करायची यासाठी डीगॉस हा आकडा लिहावा लागतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी तो तांब्याच्या एका तयार इनपुटमधून उचलला: ०.०२ रिडबर्ग. गणित झटपट जुळलं. अवस्थाघनतेचा (कुठल्या ऊर्जेला किती जागा आहेत याचा) आलेख फर्मी पातळीवर छान भरलेला दिसला, आणि मी एका चर्चासत्रात "धातू" म्हणून सांगून आले. मागच्या रांगेतून एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी एवढंच विचारलं, "डीगॉस किती होता, आणि तुमच्या बँडची रुंदी किती?"

घरी येऊन गुणाकार केला. ०.०२ गुणिले १३.६, म्हणजे ०.२७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. बँडची रुंदीच जेमतेम तेवढी. भरलेल्या आणि रिकाम्या बँडमधली दशांशभर फट मी स्वतःच सारवून टाकली होती.

तांब्याला ०.०२ चालतं, कारण त्याचे बँड कित्येक इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद. इथे ०.००५ किंवा त्याखाली जा, म्हणजे ०.०७ इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी. जुळायला वेळ लागेल. के-बिंदू वाढवा, मिक्सिंग कमी करा. अवस्थाघनता काढताना दुप्पट दाट जाळी घ्या आणि रुंदीकरण आणखी बारीक ठेवा. आणि आलेखाआधी नेहमी बँड बघा.

धातू दिसला, मग पुढे?

के३साठी तो दिसणारच, हे आपण वहीत पाहिलं. खरा प्रश्न असा आहे की एकाच रेणूवर दोन इलेक्ट्रॉन आले तर त्यांना एकमेकांपासून होणारा त्रास, ज्याला यू म्हणतात, तो बँडच्या रुंदीपेक्षा मोठा आहे का. सी६०च्या स्फटिकात टी१यू बँडची रुंदी अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आणि यू एक ते दीड. के३सी६० तरीही धातू राहतो, कारण तीन ऑर्बिटल असल्याने इलेक्ट्रॉनला उडी मारायला वाटा जास्त. पण सिझियमने रेणू थोडे आणखी लांब सारले की पारडं फिरतं: ए१५ रचनेचा सीएस३सी६० साध्या दाबाला चुंबकीय विसंवाहक आहे आणि दाब दिल्यावर ३८ केल्व्हिनला अतिवाहक होतो. पीबीई त्यालाही धातूच म्हणणार.

म्हणून चुंबकत्व चालू करून बघा. एनस्पिन २ करा. एका रेणूच्या कार्बनना एक अणुप्रकार आणि दुसऱ्याच्या कार्बनना वेगळं नाव द्या, एकावर सुरुवातीचं चुंबकत्व धन आणि दुसऱ्यावर ऋण. दोन रेणू आता सारखे उरत नाहीत, त्यामुळे जोडीचं चिकटणं सुटतं आणि फट पडायला वाट मिळते. नुसत्या पीबीईत हे चुंबकत्व बरेचदा विरून जातं. त्याचं कारण पीबीई इलेक्ट्रॉनला जास्तच पसरवतं. २०११ मध्ये जियोव्हानेत्ती आणि कापोने यांनी संकरित फलन, म्हणजे इलेक्ट्रॉनला कमी पसरवणारा पण गणिताला जड ठोकताळा, वापरलं. त्याने शुद्ध पिसीनची फटही बरोबर आली, जी प्रयोगात ३.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे आणि साध्या फलनात फार कमी येते, आणि के३साठी प्रतिलोहचुंबकीय (शेजारच्या रेणूंचं चुंबकत्व एकमेकांच्या उलट असलेली) अवस्था मिळाली.

७८ अणूंवर संकरित फलन घरच्या संगणकावर झेपत नाही. तिथे माझी वाट अशी: रचना घरी पक्की करायची, आणि शेवटच्या एक-दोन गणितांसाठी पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर वेळ मागायचा. अर्जात इनपुट तयार, चाचण्यांचा तक्ता तयार, असं दाखवता आलं पाहिजे. तेही नाही जमलं तर रेणूच्या जोडीवर, नुसत्या दोन पिसीन आणि त्यांच्यातल्या पोटॅशियमवर, संकरित फलन चालवा. त्यातून यूचा अंदाज तरी येतो.

प्रकल्प अहवालात निकाल कसा लिहायचा, याबद्दल मी फार कडक आहे. दिंडोरीच्या मुलाने पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, "के३पिसीन हा धातू आहे." ते खोडून आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिलं: "पाच सुरुवातींपैकी सर्वांत कमी ऊर्जेच्या रचनेत, पी२१ सममिती राखून आणि चुंबकत्व न धरता, पीबीई-डी३ गणितात फर्मी पातळी १२७ ते १३० या बँडना छेदते. पेशीतील इलेक्ट्रॉनसंख्या २५८ असल्याने या सममितीत हे अपेक्षित आहे. डीगॉस ०.००४ रिडबर्ग." त्याखाली पाच ऊर्जांचा तक्ता, आणि तक्त्याखाली के२ अधिक पोटॅशियमशी केलेली वजाबाकी, तिच्या चिन्हासकट.